भूमिपुत्रांचा स्ट्रायकर

सिंगापूरच्या फुटबॉल संघांनी परदेशी खेळाडू घेणं ताबडतोब थांबवावं आणि स्थानिक पोरांना संधी द्यावी, असा ठराव गेल्या रविवारी पुंगोलमधल्या एका कॉन्डोच्या बार्बेक्यू पिटापाशी प्रचंड बहुमतानं मंजूर झाला. ठराव मांडला पुणेकरांनी. ते एम्प्लॉयमेंट पासवर आहेत. अनुमोदन दिलं नागपूरकरांनी. ते पीआर, म्हणजे कायम रहिवासी आहेत आणि री-एंट्री परमिटची तारीख जवळ आली की त्यांची भूक मरते. पाठिंब्याचं भाषण डोंबिवलीकरांनी केलं. त्यांची कंपनी त्यांना मार्चनंतर ठेवणार की नाही, हे त्यांच्या मॅनेजरलाही ठाऊक नाही. विरोधात एकच मत पडलं, कोल्हापूरकरांचं. तटस्थ राहिले ते तिथले एकमेव अस्सल सिंगापूरकर, तळमजल्यावरचे चिनी अंकल. ठराव मराठीत होता आणि त्यांचं लक्ष कणसांकडे होतं.

ठराव वरवर तात्त्विक दिसत असला तरी खरी जखम फातोर्ड्याची. १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या त्या स्टेडियमवर आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यात भारतानं सिंगापूरला पहिला गोल चढवला, तेव्हा ही सगळी मंडळी टीव्हीसमोर नाचली होती. मग सिंगापूरनं दोन गोल फेडले आणि दोन्ही सोंग उइ-यंग या एकाच गड्यानं मारले. सोंग जन्मानं कोरियन. पोरसवदा वयात इथल्या क्लबात आला, रुळला आणि २०२१ मध्ये सिंगापूरचा नागरिक झाला. भारत १-२ असा हरला आणि चषकाची वाट बंद झाली.

‘‘आपण सिंगापूरकडून हरलोच नाही, कोरियाकडून हरलो,’’ पुणेकरांनी निकाल दिला. ‘‘असे बाहेरचे लोक आणून जिंकण्यात कसलं कौतुक? बरं, तेही असू दे. आपल्या लोकांनी तरी शहाणं व्हावं. इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात भारतीय वंशाची केवढी पोरं खेळतात! ओसीआय कार्डवाल्यांना संघात घ्या म्हणावं.’’

एका दमात दोन्ही वाक्यं बोलून ते पनीर उलटवायला वळले. कोल्हापूरकरांनी फक्त एवढंच विचारलं, ‘‘म्हणजे आपला बाहेरचा चालतोय, त्यांचा चालत नाही?’’ यावर पुणेकर म्हणाले, की हा प्रश्न तांत्रिक आहे.

आता या मंडळींचे पक्ष सांगायला हवेत. पुणेकर लायन सिटी सेलर्सचे. हा क्लब पूर्वी होम युनायटेड होता, पोलिसांच्या परंपरेतला. २०२० मध्ये सी लिमिटेड या कंपनीनं तो विकत घेतला आणि सिंगापुरातला पहिला खासगी मालकीचा क्लब झाला. सी म्हणजे शॉपीची मालक. पुणेकरांकडे तिचे थोडे शेअर आहेत आणि त्यांच्या पत्नीच्या नावे दारात रोज शॉपीचं एक तरी खोकं येऊन पडतं. त्यामुळे २०२१ मध्ये सेलर्सनी दिएगो लोपेस या ब्राझिलियनासाठी तीस लाख डॉलरच्या आसपास मोजले, तेव्हापासून त्या माणसाचा प्रत्येक चुकलेला पास ते घरखर्चात धरत राहिले.

नागपूरकर टँपिनीस रोव्हर्सचे, कारण फ्लॅट टँपिनीसला. त्यांच्या संघाचं मैदान ‘अवर टँपिनीस हब’ या संकुलाच्या पोटात आहे: एकीकडे हॉकर सेंटर, एकीकडे पोहण्याचे तलाव, वर ग्रंथालय. नागपूरकर आपल्या संघाचे सामने ग्रंथालयाच्या काचेतून बघतात. तिकीट लागत नाही आणि एसी असतो. प्रशिक्षकाला सूचना मात्र ते मोठ्या आवाजात करतात, आणि ग्रंथपाल बाई येऊन त्यांना पिवळं कार्ड दाखवल्यासारखं बघून जातात.

‘‘तुमच्या सेलर्सनी संघ बांधला नाही, कार्टमध्ये टाकला,’’ नागपूरकर म्हणाले.

‘‘आणि तुमचा पेनंट?’’ पुणेकर. ‘‘२०१६ ला आर्सेनल, लिव्हरपूल बघून आलेला जर्मेन पेनंट तुम्हीच आणला होता ना? काय झालं त्या वर्षी?’’

नागपूरकर कणीस चावू लागले. त्या वर्षी टँपिनीस दुसरे आले होते. पहिला आला होता आल्बिरेक्स निगाता, त्याच्याविषयी पुढे.

मग चर्चा आली ती बाद फेरीवर, म्हणजे सेलर्सच्या २०२५ च्या आशियाई मोहिमेवर. एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या उपांत्यपूर्व फेरीत जपानच्या सान्फ्रेचे हिरोशिमानं घरच्या मैदानावर सेलर्सना सहा-एक असं धुतलं. दुसऱ्या कुठल्याही देशात इथे गोष्ट संपली असती. पण हिरोशिमानं त्या सामन्यात वालेर जेर्मां नावाचा फ्रेंच खेळाडू उतरवला होता आणि आधीच्या ऑस्ट्रेलियन क्लबकडून खेळताना लागलेली बंदी त्याची अजून भोगून व्हायची होती. कागद तपासले गेले. सहा-एकचा पराभव खोडून त्या जागी सेलर्सचा तीन-शून्य विजय लिहिला गेला. परतीचा सामना एक-एक बरोबरीत सुटला आणि सेलर्स उपांत्य फेरीत.

आमच्या मते सिंगापूरच्या इतिहासातला हा सर्वांत सिंगापुरी विजय आहे. चेंडूनं सहा वेळा जाळं हलवलं, पण फॉर्म चुकीचा भरला होता. पुणेकरांचा ऊर तर या विजयानं भरून आला. ते बँकेत कम्प्लायन्स विभागात आहेत; आपल्या खात्यानं कधी गोल मारलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

उपांत्य फेरीत सिडनी एफसी. इथे दोन-शून्य जिंकले, तिथे शून्य-एक हरले, एकूण दोन-एक. हे मात्र खरोखर पायानं केलं. आणि मग १८ मे ची अंतिम फेरी शारजाविरुद्ध, तीही सिंगापुरात. एका सिंगापुरी क्लबनं आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी गाठलेली, सामना घरच्या गावात, काल्लांगला पंचावन्न हजार माणसं मावतील असं राष्ट्रीय स्टेडियम उभं. आणि सामना झाला कुठे? बिशानच्या छोट्या मैदानावर. राष्ट्रीय स्टेडियमवर त्या रात्री लेडी गागा गात होती. डोंबिवलीकरांकडे तिकीट होतं. गागाचं. तिथून ते दर दहा मिनिटांनी ग्रुपवर विचारत होते, ‘‘स्कोअर काय?’’

शारजानं चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला गोल केला. नव्वद मिनिटं झाली आणि भरपाईच्या वेळेत बेल्जियमच्या मॅक्सिम लेस्टिएननं बरोबरी साधली. काही मिनिटांत शारजानं दुसरा मारला आणि संपलं. एक-दोन.

‘‘शेवटच्या पाच मिनिटांत संघ मागे ओढायला हवा होता,’’ पुणेकर. ‘‘बेंचवर स्थानिक पोरं हवी होती,’’ नागपूरकर. ‘‘‘पोकर फेस’ गाणं चालू होतं तेव्हाच मला वाटलं,’’ डोंबिवलीकर.

‘‘गोल कुणी मारला होता सेलर्सचा?’’ कोल्हापूरकरांनी विचारलं.

‘‘लेस्टिएननं.’’

‘‘तो कुठला?’’

पुन्हा तांत्रिक प्रश्न.

मग पुणेकरांनीच शास्त्रशुद्ध तोडगा काढला. परदेशी खेळाडूंना सरसकट बंदी नको, कंपास लावा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एम्प्लॉयमेंट पास हवा असेल तर सप्टेंबर २०२३ पासून इथे कंपास नावाची गुणपद्धत आहे. पगार, शिक्षण, कंपनीत तुमच्या देशाचे आधीच किती जण आहेत आणि कंपनी स्थानिकांना किती नोकऱ्या देते, असे चार मुख्य निकष. प्रत्येकी शून्य, दहा किंवा वीस गुण. चाळीस मिळाले की पास. मंडळींनी लगेच लेस्टिएनची उत्तरपत्रिका तपासायला घेतली. पगार: वीस. शिक्षण: पदवी दिसत नाही, शून्य. विविधता: संघात बेल्जियमचा हा एकटाच असेल, वीस. स्थानिकांना पाठबळ: त्याच्यामुळे एक स्थानिक पोरगा बाकावर बसतो, शून्य. एकूण चाळीस. काठावर, पण पास.

उत्साहाच्या भरात डोंबिवलीकरांनी स्वतःचे गुण मोजायला घेतले. पगारात दहा, पदवीत दहा आले. तिसऱ्या रकान्यात त्यांच्या कंपनीत आपलेच लोक एवढे भरलेले, की तिथे भोपळा. चौथ्यातही भोपळा. बेरीज झाल्यावर त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि विषय आल्बिरेक्सवर नेला.

आल्बिरेक्स निगाता हा मुळात जपानी क्लबचा इथला संघ. २००४ मध्ये सिंगापूरच्या लीगमध्ये आला आणि २०१६ पासून सहा वेळा विजेता ठरला. जवळपास सगळे खेळाडू जपानी, शिस्त जपानी, चषक सिंगापूरचा. मग नियम आला की यांनी फक्त तेवीस वर्षांखालची पोरं खेळवावीत. २०१८ मध्ये ती पोरं एकही सामना न हरता लीग जिंकली. गंमत अशी, की परदेशी क्लब असल्यामुळे विजेतेपद त्यांचं आणि आशियाई स्पर्धेत सिंगापूरचा झेंडा घेऊन जायचा दुसऱ्या कुणीतरी. सर्वांत जास्त काम करायचं, वेळेवर यायचं, पहिला नंबर काढायचा आणि बढतीची यादी लागली की आपलं नाव त्यात नसायचं. पिटाभोवती या वेळी जी शांतता पसरली, तिचं कारण फुटबॉल होतं असं आम्हाला वाटत नाही.

आता तो क्लबही स्थानिक झाला आहे. आल्बिरेक्सकडून आलेला क्योगा नाकामुरा टँपिनीसला गेला, सिंगापूरचा नागरिक झाला, राष्ट्रीय संघात पोचला. तिकडे २०२४-२५ च्या हंगामापासून लीगनं परदेशी खेळाडूंची मर्यादा चारवरून सहावर नेली. पुणेकरांच्या मते हा भूमिपुत्रांवर अन्याय आहे. हे बोलताना त्यांनी आजूबाजूला कुणी भूमिपुत्र ऐकत नाही ना, हे पाहून घेतलं. अंकल अजून कणसावर होते.

कोल्हापूरकर इतका वेळ गप्प होते, कारण त्यांच्या लेखी हा फुटबॉलच नव्हे. ‘‘शाहू स्टेडियमला या एकदा. पाटाकडील विरुद्ध बालगोपाल लागू दे. तालमीची नावं, गल्लीची इज्जत! गोल झाला तर पेठ झोपत नाही आणि चुकला तर पोरगा आठवडाभर गल्लीत शिरत नाही. आमच्याकडंबी नायजेरियाचे गडी येऊन खेळून गेलेत. दोन महिन्यांत तांबडा-पांढरा ओरपायला लागले, म्हणजे झाले की पेठेचे. कंपास कसला लावतोस मर्दा?’’

पेठेच्या संघावरून आठवलं, इथे बलेस्टियर खालसा नावाचा क्लब आहे. शीख समाजाचा क्लेमेंटी खालसा आणि बलेस्टियर सेंट्रल हे २००२ मध्ये एक झाले, त्यातून हे नाव आलं. खालसा लीगमध्ये खेळतो तर आपलाही एखादा संघ का असू नये, अशी कल्पना नागपूरकरांनी मांडली. संघाचं नाव ठरेपर्यंत तीन गट पडले. बोधचिन्हावरून चौथा पडला. गोलकीपर कोण, इथवर चर्चा पोचलीच नाही.

याच सुमारास अंकलनी कणीस संपवलं आणि ‘तुम्ही कुठल्या फुटबॉलबद्दल बोलताय’ असं इंग्रजीत विचारलं. त्यांना ठरावाचा सारांश सांगण्यात आला. अंकल हसले. १९९६ ला एस.लीग सुरू झाली, तेव्हाचा पहिला हंगाम त्यांनी सांगितला. हंगामाचे दोन भाग केले होते. एक गेलांग युनायटेडनं जिंकला, दुसरा सैन्याच्या संघानं, आणि विजेता ठरवायला जुन्या राष्ट्रीय स्टेडियमवर दोघांत प्लेऑफ झाला. गेलांग जिंकलं. अंकल तिथे होते. १९९४ ला सिंगापूरनं मलेशिया कप जिंकला तेव्हाही ते होते. १९९८ मध्ये पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी ‘२०१० च्या विश्वचषकात सिंगापूर’ असं लक्ष्य जाहीर केलं, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. ते वर्ष आलं आणि गेलं. मग लक्ष्य २०३४ झालं. अंकल म्हणाले, ‘‘आमच्याकडे एमआरटी लाइन वेळेत होते, विमानतळाचं टर्मिनल वेळेत होतं, विश्वचषक तेवढा होत नाही.’’

मे मधल्या त्या रात्री अंकल बिशानला होते, तिकीट काढून. २०२५ च्याच नोव्हेंबरमध्ये हाँगकाँगला २-१ हरवून सिंगापूर पहिल्यांदा स्वतःच्या बळावर आशियाई चषकाला पात्र ठरलं, तो सामना त्यांनी कोपीटियममध्ये उभ्यानं पाहिला. प्रशिक्षक गॅव्हिन ली आधी टँपिनीसचा, हे कळल्यावर नागपूरकरांनी ते श्रेय जागच्या जागी स्वीकारलं.

‘‘पण तुमचं बरोबर आहे,’’ अंकल पुणेकरांना म्हणाले. ‘‘स्थानिक पोरं पाहिजेत. डाव्या पायाची तर नाहीतच. तुमचा मुलगा शाळेच्या संघात लेफ्ट विंगला खेळतो ना? मी खालच्या मैदानात बघतो त्याला. फार छान खेळतो.’’

पुणेकर खुलले. मुलगा सिंगापुरातच जन्मला, त्याची सिंग्लिश अंकलपेक्षा पक्की आहे, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं.

‘‘मग पीआर केलंत त्याचं?’’

आता ही गोष्ट इथल्या प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. आईबापांसोबत मुलानं पीआर घेतलं, की अठराव्या वर्षी दोन वर्षं लष्करी सेवा. फुटबॉलपटूलाही सूट नाही. २०१८ मध्ये इंग्लंडच्या फुलहॅमनं करारबद्ध केलेल्या बेन डेव्हिसलाही सेवा पुढे ढकलायची परवानगी मिळाली नव्हती. अंकलच्या दोन्ही मुलांनी ती दोन वर्षं दिली आहेत. पुणेकरांनी मात्र याच कारणासाठी स्वतःचा पीआरचा अर्जही केलेला नाही. मुलगा डिपेंडंट पासवर आहे आणि बारावीनंतर थेट मँचेस्टर किंवा मेलबर्न, हे ठरलेलं आहे.

‘‘बघू,’’ पुणेकर म्हणाले. ‘‘सध्या शनिवारी गणिताची ट्यूशन असते त्याची.’’

मग त्यांनी सगळ्यांना पनीर वाढलं आणि आर्सेनलनं डावी बाजू कुणाकडे द्यावी, यावर चर्चा सुरू केली.