ब्रिक्सकाका

काकांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसतं, रिफ्रॅक्टोमीटर असतो. वीतभर लांब, मान वर काढून बसलेला. नोकरी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत झाली. निवृत्तीनंतरही समोर पेला आला की हात आधी खिशाकडे जातो, मग पेल्याकडे.

काचेवर रसाचा थेंब, वर झाकण, एक डोळा मिटून यंत्र उजेडाकडे. निळ्या-पांढऱ्याची सीमा जिथे दिसेल तो आकडा ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साखर किती ग्रॅम. यंत्र २० अंश तापमानाला लावलेलं असतं. कुडाळच्या मे महिन्याला हे कोण सांगणार? म्हणून काका मनातल्या मनात थोडा आकडा वाढवतात. तोवर पाहुणे पेले धरून ताटकळतात. पुतणीच्या लग्नात तर पन्ह्याचा घोट घेऊन त्यांनी व्याह्यांना ऐकवलं, "पेय म्हणायला निदान दहा टक्के फळ हवं. ही कैरीची नुसती आठवण आहे."

२०२४ साली घट्ट रसात पाणी घालून बनवलेल्या रसाच्या डब्यांवरून 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा काढायचा हुकूम निघाला, तेव्हा काकांनी आळीत पेढे वाटले. ब्रिक्स न बघता.

गेल्या उन्हाळ्यात बचत गटाच्या बायांनी कोकम सरबताची बाटली आणून दाखवली. काकांनी डोळा लावला. "अठ्ठावन्न! सरबताला पासष्ट लागतं. हे सरबत नव्हे. फार तर क्रश, त्याला पंचावन्न चालतं."

"मगे लेबलार क्रश लिवूया," गटाची अध्यक्षीण म्हणाली. "क्रशाक पैसे जास्त गावतत."

काका गप्प. नियमात बसत होतं, हेच दुखणं. मग त्यांनी विषय टिकवण्याकडे वळवला : कोकमात मेटाबायसल्फाइट घालू नका, रंग उडतो, बेंझोएट घाला, तेही दहा लाख भागांत सहाशेच्या आत. हे मात्र बायांनी वहीत उतरवून घेतलं. काकांचा त्रास सोसावा तो अशासाठी.

त्यांना कोंडीत पकडलं ते काकूंनी. सोलकढीसाठी कोकमाचं आगळ काढलं होतं, काकांनी सवयीने थेंब उचलला. आकडा विसाच्या पुढे.

"यात साखर कोणी घातली?"

"आगळात साखर? नुसतं मीठ आहे, मुठीमुठीने."

काकांनी काच पुसली, पुन्हा पाहिलं. आकडा हलेना. विरघळलेलं काहीही असो, यंत्र आपलं प्रकाश किती वाकला तेवढंच बघतं. मीठ की साखर, त्याला काय त्याचं.

"आयुष्यभर ह्याच्यावर सह्या केल्यात?" काकूंनी विचारलं.

"तिकडे साखर वेगळी काढून मोजत होतो," असं काहीतरी पुटपुटत काकांनी वही उघडली : 'नमुना – घरचं आगळ. निष्कर्ष राखून ठेवला.'

सोलकढी मात्र न मोजता प्यायले. दोन वाट्या.