फिनलंडतज्ज्ञ व्हा, तेही नांदेडात बसून!

नांदेडात शिक्षणतज्ज्ञ व्हायला पूर्वी निदान शिकवावं लागायचं. आता फिनलंड पुरतो. पालक मेळावा असो, शिक्षक दिन असो की कुसुम सभागृहातला गुणगौरव, माईक हातात घ्या आणि ‘फिनलंडमध्ये मात्र...’ अशी सुरुवात करा. माना आपोआप डोलू लागतात. नवशिक्यांनी खालील क्रमाने जावे. पासपोर्ट लागत नाही.

१. चार वाक्यं पाठ करा. होय, पाठच. घोकंपट्टीविरुद्धचं भाषण घोकल्याशिवाय रंगत नाही. तिथं मुलं सातव्या वर्षी शाळेत जातात. तास संपला की पंधरा मिनिटं बाहेर हुंदडतात. नववीपर्यंत देशपातळीवरची परीक्षा नसते. प्राथमिकच्या शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते. चारही खरी आहेत, निर्धास्त फेका. तिथं 1948 पासून शाळेत दुपारचं जेवण फुकट आहे, हे पाचवं मात्र टाळा. श्रोत्यांत खिचडी शिजवून घेणारे मुख्याध्यापक बसलेले असतात, ते लगेच इंधनाच्या बिलावर येतात.

२. ‘पिसा’ हा शब्द, म्हणजे देशोदेशीच्या पंधरा वर्षांच्या मुलांची चाचणी, दोनदा तरी वापरा. वर्ष मात्र जपून निवडा. 2006 उत्तम, त्या वर्षी गणितात फिनलंडला 548 गुण होते. 2022 चे 484 आहेत, ते स्लाइडवर आणू नका. 2022 ला पहिला आलेला सिंगापूर तर मुळीच नको, तिथं खासगी शिकवण्यांचा धंदा आपल्याइतकाच जोरात आहे. भारताचं काय, असं कुणी विचारलंच तर घोटभर पाणी प्या. 2009 च्या फेरीला तमिळनाडू आणि हिमाचल बसले, तळाशी आले, आणि पुढं 2022 पर्यंत आपण त्या वाटेला गेलोच नाही. यात नवल वाटण्यासारखं काही नाही. दहावीचा निकाल राखायला कच्च्या पोराकडून बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घेणाऱ्या शाळा आपल्याकडे पूर्वापार आहेत.

३. प्रात्यक्षिकासाठी एखादी जिल्हा परिषद शाळा गाठा. 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आला, तेव्हा साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून गाड्या भरून शिक्षक गेले. तिथल्या शिक्षकांनी मुलांसोबत केलेलं काम समजायला वेळ लागतो, फरशीवरच्या आकृत्या लगेच दिसतात. म्हणून परत आल्यावर गावोगावी फरशीला ऑइलपेंट लागला आणि त्याचं नाव ज्ञानरचनावाद पडलं. तुम्हीही रंगाचा डबा घेऊन जा. शाळेत दोन गुरुजी, चार वर्ग आणि त्यातले एक गुरुजी मतदार यादीच्या कामावर, असं दिसलं तर ‘बहुवर्ग अध्यापन फिनलंडच्या खेड्यातही चालतं’ असं सांगून धीर द्या. तिथल्या गुरुजींना बीएलओ करत नाहीत, एवढा तपशील गाळा.

४. आता घरचा अभ्यास. शाल घडी करा आणि गाडी क्लासांच्या भाग्यनगर-श्यामनगरकडे वळवा. लातूरकर असाल तर ट्युशन एरियाकडे. लेकराचा अकरावीचा प्रवेश कुठल्या तरी कॉलेजात दाखवायचा आणि लेकरू बसवायचं क्लासात, याला इंटिग्रेटेड म्हणतात. 2018 साली सरकारनं विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सांगितली होती. घाबरू नका, तेव्हाही कुणी घाबरलं नव्हतं. सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासात घेऊ नये, असं केंद्रानं जानेवारी 2024 मध्ये सांगितलं. म्हणून आठवीच्या बॅचला ‘फाउंडेशन’ म्हणायचं.

लेकराच्या राहण्याची खोली पाहताना तीन पलंगांच्या मधून चालता येतं का बघा. येत नसेल तर फी बरोबर आहे. भिंतीला आवर्त सारणी, उशाला बायोलॉजीची एनसीईआरटी, ‘लाइन टू लाइन’ झालेली. रविवारी टेस्ट, सोमवारी रँकचा मेसेज तुमच्या मोबाइलवर. ‘मुलांना प्रश्न विचारू द्या’ हे तुमचंच वाक्य इथं विसरा. मेडिकलच्या नीटला प्रश्न 180 आहेत, मिनिटंही 180, आणि उत्तर चुकलं की एक गुण वजा. वर्गात दोनशे पोरं असताना कुणी हात वर केला तर रांग तुंबते. शंकांसाठी वेगळं डाउट काउंटर आहे.

इथं एक धोका संभवतो. मुखेड-कंधारकडचा एखादा बाप गाठून विचारील, ‘सर, तुमचं भाषण लई पटलं. मंग काढू का लेकराला क्लासातून?’ त्यानं सोयाबीनच्या पैशातून फी भरलेली असते. सरकारी आणि खासगी एमबीबीएसच्या फीमध्ये किती फरक आहे, हे त्याला तुमच्यापेक्षा नेमकं ठाऊक असतं. ‘काका, सिस्टीमच बदलली पाहिजे,’ एवढं म्हणा आणि चहाकडे सरका.

५. कोरिया काढू नका. सोलमध्ये क्लास रात्री दहाला बंद करावे लागतात. नोव्हेंबरातल्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना विमानांची ये-जा थांबवतात. आपली नीट मेच्या पहिल्या रविवारी, भर लग्नसराईत, आणि इथं वरातीचा डीजेसुद्धा थांबत नाही. खरं म्हणजे आपली सोयरीक फिनलंडशी नाही, कोरियाशी जुळते. पण सोयऱ्यांचं कौतुक भर मांडवात कोण करतं? चीनचं तर नावही नको. तिथं 2021 साली सरकारनं शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या क्लासांवर बंदी आणली, आणि तुमच्या मागचा फ्लेक्स बहुधा क्लासवाल्यानंच दिलेला असतो.

६. शेवटची खबरदारी. फिनलंडमध्येही मेडिकलला प्रवेश परीक्षा आहे, आणि तिच्या तयारीचे पैसे घेणारे क्लासही आहेत. हे कुणी बोललं तर माईक खराब झाल्याचं नाटक करा. कारण पुढचा प्रश्न अडचणीचा येतो: मग फरक कशात? फरक असा की तिथं नववीनंतर जवळपास निम्मी मुलं व्यवसायशिक्षणाकडे जातात आणि त्यांच्या घरी सुतक पाळत नाहीत. आपल्याकडे आयटीआयला गेलेल्या पोराचा फोटो गुणगौरवाच्या फ्लेक्सवर शोधून दाखवा.

भाषणाची तारीख मात्र नीटच्या निकालाआधीची धरा. निकालानंतर रिपीटर बॅचचे प्रवेश सुरू होतात, आणि तेव्हा सभागृह क्लासवाल्यांनी आधीच बुक केलेलं असतं.