कंडेन्सर गेलंय!

वैशाखात पंखा मंदावला की मिस्त्रींना बोलावणं जातं. हिंगोली जिल्ह्यातलं कळमनुरी असो, सेनगाव असो की वसमत, हे मिस्त्री इथून तिथून सारखेच: खिशात टेस्टर, कानामागे पेन्सिल आणि निदान उंबऱ्यातच तयार. "काही नाही झालं ताई. कंडेन्सर गेलंय."

पंचाईत अशी, की बहुतेक वेळा ते खरंच निघतं. पंख्यातली अडीच एमएफडीची ती डबी दुसऱ्या वायंडिंगमधला प्रवाह थोडा आधी पोचवते, त्यामुळे चुंबकक्षेत्र फिरू लागतं आणि त्याच्या मागोमाग पाती. डबी मेली की पंखा नुसता गुरगुरतो; काठीने ज्या बाजूला ढकलावा त्या बाजूला फिरतो. डबीची नाडी बघायची मिस्त्रींची रीतही ठरलेली. तिला क्षणभर बोर्डातली वीज द्यायची, बाजूला काढायची आणि दोन्ही वायरी एकमेकींना टेकवायच्या. फाट्कन ठिणगी उडाली तर जिवंत! पोरं खूश होतात, आजी देवाचं नाव घेते. (वाचकांनी हे करू नये.)

रब्बीत मिस्त्री शेतावर. तीनपैकी एक फेज गेला की दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटर तेच चालवून देतात. जळाली की भरूनही तेच देतात. महावितरण पंपाला कॅपॅसिटर बसवायला सांगतं, त्याचं काम निराळं. मोटरला लागणारा चुंबकी प्रवाह तो जागेवरच पुरवतो, डीपीवरचा भार हलका होतो. मिस्त्रींच्या लेखी तेही कंडेन्सरच, फक्त 'सरकारी'.

डिप्लोमाला असलेला पुतण्या एकदा म्हणाला, "काका, कॅपॅसिटर म्हणा. मराठीत धारित्र."

"जा, दुकानात धारित्र माग. भेटलं तर मलाबी एक आण."

इतिहासही काकांच्याच बाजूचा. वीज दाटवून धरणाऱ्या आपल्या उपकरणाला व्होल्टाने १७८२ साली कंडेन्सर याच अर्थाचं नाव दिलं होतं. पुढे जग कॅपॅसिटर म्हणू लागलं. हिंगोलीला कुणी कळवलं नाही. आता औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. तिथे उद्या काही बिघडलं, तर निदान आजच तयार आहे.

घरात खराखुरा कंडेन्सर एकच असतो: फ्रिजच्या पाठीमागचा, गॅसचा द्रव करणारा. त्याला मिस्त्री 'जाळी' म्हणतात.