यात्रेच्या तमाशात लाइटचा बोर्ड कसा चालवावा

आळेफाट्याच्या पंचक्रोशीतल्या यात्रेत तमाशाच्या लाइटचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर प्रथम अभिनंदन. चैत्राच्या तोंडावर नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी तिथे येऊन सुपारी ठरवतात. फड, तारीख, रक्कम या सगळ्याची घासाघीस होते. लाइटचा विषय मात्र निघत नाही. तो यात्रेच्या संध्याकाळी स्टेजपाशी निघतो आणि "सगळं लख्ख दिसलं पाहिजे" या वाक्यात संपतो. हेच तुमचं डिझाइन समजावं.

बोर्ड प्रेक्षकांच्या मागे, मधोमध, स्टेजकडे तोंड करून ठेवावा असं शास्त्र आहे. ती जागा भेळवाल्याने दुपारीच धरलेली असते. तुम्हाला जनरेटरशेजारची मिळेल. तिथून अर्धं स्टेज दिसतं आणि ऐकू काही येत नाही.

स्वस्तातल्या बोर्डावर १२ दिवे, प्रत्येकाला १६ चॅनल, असे १९२ चॅनल असतात. ज्या डीएमएक्स पद्धतीवर तो चालतो ती १९८६ साली अमेरिकेत ठरली. तिच्यात एका केबलवर ५१२ चॅनल आणि प्रत्येकाला ० ते २५५ अशी किंमत. यात्रा कमिटीला त्यातल्या दोनच मान्य आहेत, ० आणि २५५. तुम्ही नाजूकपणे १२७ वर फेडर ठेवलात की कुणीतरी येऊन विचारतंच, "व्होल्टेज कमी पडतंय का?"

पत्ते काळजीने टाका. पहिला दिवा १, दुसरा १७, तिसरा ३३. सतरासाठी दिव्याच्या मागची १ आणि ५ नंबरची बटणं वर. दोन दिव्यांना एकच पत्ता दिलात तर दोघेही एकाच हुकमावर नाचतील. शेवटच्या दिव्याला १२० ओमचा टर्मिनेटर लावा आणि माइकची केबल वापरायचा मोह टाळा. नाहीतर सिग्नल उलटा फिरतो आणि शार्पी, म्हणजे फिरत्या मानेचे दिवे, आपणहून माना वेळावू लागतात. अर्थात आळ्यात वेद बोलणाऱ्या रेड्याची समाधी आहे. तिथे यंत्राने मान हलवल्याचं कुणाला फारसं नवल वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष खेळ. गणाला पिवळा-पांढरा, भरपूर. गौळणीत उजेड मावशीवर ठेवा. गवळणी कितीही नटल्या तरी हशा तिचाच. लावणीला गुलाबी, तोही हळू चढवलेला.

खरी परीक्षा दौलतजादाला. नोट देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं तेव्हा फॉलो स्पॉट नाचणारीवरून काढून थेट त्याच्यावर न्या. तो पैसे कलेला देत नसून समोरच्या आळीतल्या भाऊबंदाला दाखवून देत असतो, आणि अंधारात दाखवणार कसं? मात्र काही दानशूर घरी न सांगता आलेले असतात. नाव पुकारताच ज्याचा हात तोंडाकडे जातो, त्याच्यावर स्पॉट नेऊ नये. एवढं एक जमलं तर पुढच्या साली बोलावणं नक्की.

वग उभा राहीपर्यंत रात्र कलते. पोरं पेंगतात, पुढारी गेलेले असतात, आणि नेमकं इथेच लाइटवाल्याला करण्याजोगं काम असतं: दरबार, तुरुंग, माळरान, सगळं एकाच पडद्यापुढे उभं करायचं. मला विचाराल तर बोर्ड विकत घ्यावा तो वगासाठीच. फक्त शेवटी नाट्यस्पर्धेत शोभेल असा काळोख करू नका. हा जुन्नर तालुका आहे, तिन्ही बाजूंना ऊस आहे. तीन सेकंदांच्या अंधारात कुणीतरी "बिबट्या!" म्हणून ओरडायला पुरेसा वेळ मिळतो आणि मग वगाचा शेवट प्रेक्षकच करतात.

बोर्डावर ग्रँड मास्टर नावाचा फेडर असतो. तो सगळ्यांच्या वर असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण त्याच्याही वर डिझेलवाला पोरगा आहे. त्याला चहा वेळेवर पाजा.

सकाळची हजेरी चैत्राच्या उन्हात होते. तेवढ्यात केबली गुंडाळून घ्या. खजिनदार दुपारी कुस्त्यांच्या आखाड्यात सापडतो. बिल तिथेच पुढे करा, निकाली कुस्ती सुटायच्या आत.