झाकली गाडी सव्वा लाखाची

छप्पर उघडणाऱ्या गाड्यांची हौस जगभर ओसरत चालली आहे, ही बातमी बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत आली तेव्हा बसस्टँडसमोरच्या टपरीवर कुणाचा चहा हिंदकळला नाही. रेंज रोव्हर इव्होकची उघडी आवृत्ती २०१८ मध्ये भारतात आली आणि त्याच वर्षी कंपनीनं तिचं उत्पादनच थांबवलं. आमच्याकडे लग्न ठरून पत्रिका वाटून होतात, तेवढ्यात तिचा सगळा संसार आटोपला.

तरी हे परक्या घरचं सुतक म्हणून चिखलीकरांनी अंग झटकू नये. उघडी गाडी आपल्याकडेही होती. तिला आपण जीप म्हणायचो. स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्रांनी विलीज जीप मुंबईत जोडायला घेतली आणि पुढे ती वऱ्हाडातल्या प्रत्येक जिनिंगवाल्याच्या, सरपंचाच्या आणि बीडीओच्या दारात उभी राहिली. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. लोखंडी सांगाडा, वर ताडपत्रीचं हूड, बाजूला काहीच नाही. आता अशी गाडी पाहायची तर ताडोबाला जावं लागतं. तिथं वाघ मोकळे असतात आणि माणसं उघड्या जिप्सीत.

ही गाडी आपण का सोडली? शहाणी माणसं ऊन आणि फुफाट्याकडे बोट दाखवतात. मे महिन्यात घाटावरही पारा चाळिशी ओलांडतो आणि काळ्या मातीची धूळ नाकातोंडात जाते, हे खरंच. पण ऊन आणि धूळ जीपच्या आधीपासून आहेत. शिवाय निम्मी चिखली आजही भर दुपारी तोंडाला रुमाल बांधून मोटरसायकलवर हिंडते. तिला कुठलं छप्पर? अमेरिकेत १९१९ मध्ये दहातल्या नऊ गाड्या उघड्या होत्या, दहा वर्षांत दहातल्या नऊ बंद झाल्या. तिकडे चिखलीचं ऊन नव्हतं.

खरं कारण वेगळं आहे. उघड्या गाडीत माणसाला काही लपवता येत नाही.

आजोबांकडे एक जुनी जीप होती. तिचं हूड मृगाला चढायचं आणि दसऱ्याला उतरायचं. धाकट्या मामांसाठी मुलगी पाहायला आम्ही तिच्यातून मेहकरला निघालो. मामांच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आजीच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा. बसस्टँडपाशीच पहिली हाक आली, “कुठी चालले बाप्पा, एवढे नटून?” आजोबा म्हणाले, “काही नाही, जरा मेहकरला काम आहे.” पण उघड्या जीपमधलं काम लांबूनच दिसतं. “पोरगी पाहाले चालले वाटते!” असा निकाल देऊन हाक मारणारा मोकळा झाला आणि आमच्या आधी ती बातमी मेहकर फाट्यावर पोचली.

फाट्यावर दोघंजण लव्हाळ्यापर्यंत म्हणून चढले. बंद गाडीत ‘जागा नाही’ असं खुशाल सांगता येतं. उघड्या जीपमधली रिकामी जागा अख्ख्या तालुक्याला दिसते. त्या दोघांतले एक गृहस्थ मुलीच्या चुलत्याचे व्याही निघाले. त्यांनी वाटेतच मामांचं शिक्षण, पगार, पान-तंबाखू सगळं विचारून घेतलं आणि लव्हाळा आल्यावर न उतरता थेट मेहकरपर्यंत आले. पाहण्याचा कार्यक्रम जीपमध्येच उरकला, मेहकरला फक्त पोहे झाले. मामांचा सदरा तोवर काळ्या मातीशी एकरूप झाला होता. त्यावरून मुलाकडे शेती भरपूर असावी, असा मुलीकडच्यांनी सोयीचा अर्थ काढला आणि लग्न जमलं.

आता मामांचा मुलगा पांढऱ्या एसयूव्हीतून फिरतो. काचा वर, एसी सुरू. तो मुलगी पाहायला कधी गेला, कधी नापसंत झाला, कधी परत आला, चिखलीला पत्ता लागला नाही. याला तो खासगी आयुष्य म्हणतो. माणसांनी आत पाहू नये म्हणून काही वर्षं लोकांनी काचांना काळी फिल्मही लावली होती. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्यावर बंदी घातली. चिखलीच्या बसस्टँडची बाजू दिल्लीत कुणीतरी मांडल्यासारखं वाटलं.

उघड्या आभाळाची हौस मात्र फिटलेली नाही, म्हणून सनरूफ. २०२० ची थार दुमडत्या छपरासह मिळत होती. २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली, तिच्यात ते छप्पर गेलं आणि ऐपत असेल तर अख्ख्या टपभर काच आली. आभाळ दिसतं, पण आभाळाला तुम्हाला विचारता येत नाही, “कुठी चालले?” सनरूफचा पुरेपूर उपयोग काय तो पुढाऱ्यांनी केला. पूर्वी निवडून आलेला माणूस उघड्या जीपमध्ये नखशिखांत गुलालात न्हायचा. आता तो कमरेपर्यंत जनतेचा असतो, कमरेखाली एसीत. कुणी अडचणीचं काही विचारलंच तर नुसतं खाली बसायचं.

उघड्यावर बेधडक फिरणारा शेवटचा गडी आमच्या जिल्ह्यात २०१९ मध्ये येऊन गेला. टिपेश्वर अभयारण्यातला टी१-सी१ हा तरुण वाघ तेलंगणात डोकावून, तेराशेहून अधिक किलोमीटर चालत, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. डोक्यावर छप्पर नाही, लपवायला काच नाही आणि गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे कुठं चाललाय ते सगळ्यांना ठाऊक. तोही जोडीदारच शोधतोय, असं जाणकार म्हणत होते. लगेच जिल्हाभर चर्चा सुरू झाली, की याच्यासाठी वाघीण आणावी का, आणावी तर कुठली. वाटेत कुणी व्याही भेटला नाही, म्हणून नुसतं चर्चेवरच राहिलं.

पुढच्या वर्षी वनखात्यानं त्याचा पट्टा काढला. तेवढ्या दिवसांत स्थळांची चौकशी ऐकून कान किटलेल्या त्या वाघानं, मला खात्री आहे, मामांच्या मुलासारखाच सुटकेचा निःश्वास टाकला असेल.