निरोष्ठ दार

उन्हाळा लागला की आमच्या गाडीचं पुढचं डावं दार लागत नाही. ऊन लागतं, तहान लागते, दुपारी डोळा लागतो, शेजारच्यांचा मुलगा नोकरीला लागतो. लागायचं राहतं ते एवढं एक दार. गाडीचं नाव सांगत नाही. वय झालेल्यांची दुखणी नावानिशी चारचौघांत सांगू नयेत. होळीपर्यंत तिचं तसं बरं चालतं. मग एप्रिलात बारामतीचा पारा चाळिशीच्या उंबऱ्यावर येऊन टेकतो आणि हे दार चौकटीशी अबोला धरतं. मागची कड खाली उतरलेली, वरच्या कोपऱ्यात करंगळी शिरेल एवढी फट, आणि ओढून घेतलं तर 'खाट्' असा कोरडा आवाज, जणू जेवताना दाताखाली खडा आला. बायकोनं यावर स्वतःची रीत काढली आहे. दोन्ही हातांनी दार किंचित वर उचलायचं, श्वास रोखायचा आणि आत ढकलायचं. लग्नात नवरीला पाटावर बसवताना मामा ज्या बेतानं धरतो, साधारण तसं.

बारामतीत राहून न मिटणाऱ्या ओठांकडे पाहिलं की मोरोपंत आठवतात. पंत (1729–1794) पन्हाळ्याकडून आले आणि या कऱ्हाकाठी स्थिरावले. त्यांच्या नावावर 108 रामायणं सांगतात. त्यांतलं एक निरोष्ठ रामायण. प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य, म्हणजे म्हणताना ओठाला ओठ लागायचा नाही. आता आली का पंचाईत! खुद्द 'राम' म्हणायची सोय उरली नाही, कारण 'म'पाशी ओठ मिटतात. रामायण लिहायचं आणि राम म्हणायचं नाही, हा हट्ट धरावा तर पंतांनीच. बरं, ज्या गावात बसून हे केलं त्या गावाचं नाव घ्यायचं तरी ओठ दोनदा भेटतात. आमचं दार त्याच परंपरेतलं असावं, अशी मी पुष्कळ दिवस मनाची समजूत घालून घेतली होती. गाडी दुरुस्तीला न टाकण्यासाठी माणूस साहित्याचाही आधार घेतो.

दोष मी अर्थातच उन्हाला देत होतो. लहानपणी आजोबांच्या बैलगाडीला धाव चढवताना पाहिलं होतं. लोखंडाची ती कडी शेणी रचून लालबुंद करायची, चिमट्यांनी धरून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून बादल्यांनी पाणी ओतायचं. चर्र आवाज व्हायचा, वाफेत माणसं दिसेनाशी व्हायची, आणि लोखंड आक्रसून चाकाला घट्ट मिठी मारायचं. पुढे वैशाखात लाकूड वाळून आकसलं की तीच धाव खुळखुळायला लागे. मग कालव्याला पाणी आलं की गाडी तशीच्या तशी पाण्यात उभी करून ठेवायची, चाक फुगेपर्यंत. आजोबा काठावर बसून तंबाखू मळत. आपल्याकडे गाडीसुद्धा पाय पाण्यात सोडून बसत असे, तर हल्लीच्या पत्र्यानं कुणाकडे बघायचं, असं मला वाटे.

भिगवण रस्त्याच्या बाजूला कडुनिंबाखाली पत्र्याचं काम करणारे एक म्हातारे मिस्त्री बसतात. त्यांच्यासमोर मी उन्हाचा सिद्धांत मांडला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला, म्हणजे तोवर त्यांची बिडी संपली. "सर, मीटरभर पत्रा सावलीतनं उन्हात आला, चाळीस डिग्री तापला, तरी वाढतो किती? अर्धा मिलिमीटर. आन् दाराच्या भोवती जागा चार-पाच मिलिमीटरची. शिवाय चौकट काय सावलीत बसलीय व्हय? ती बी वाढतीच की." उन्हानं रबर मऊ पडून चिकटतं, तेवढा त्याचा वाटा. "पर तापल्या गाडीचं माप धरायचं न्हाई. रात्री इथंच झाडाखाली सोडा, सकाळी सातला या." हे मला फार आवडलं. तापलेल्याचं माप धरू नये, हे पत्र्याचं काम करणाऱ्याला ठाऊक असतं. घरात मे महिन्यात आपण दुपारी दोनलाच एकमेकांची मापं काढायला बसतो.

सकाळी सातला पत्रा रांजणासारखा गार होता. मिस्त्रींनी दार अर्धवट उघडून मागच्या कडेला धरलं आणि नुसतं वर-खाली हलवलं. बिजागरी कुरकुरली. पिन झिजली होती, बुश तर नावालाच उरलं होतं. "लोक आधी लॉकच्या कडीला हात घालत्यात. कडी सगळ्यात शेवटी." नवी पिन, नवं बुश पडलं. बिजागरीच्या जुन्या जागेवर खडूची रेघ ओढली, दाराखाली जॅक, जॅकवर फळी, फळीवर गोणपाट. बोल्ट सैल करून दार केसभर उचललं आणि पुन्हा आवळलं. फटीत दोन नाणी एकावर एक धरून वरपासून खालपर्यंत फिरवली. रबरात वर्तमानपत्राची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. ती जरा अडून, मग आली. एवढं झाल्यावर हात पुसत त्यांनी विचारलं, "सर, ह्या दाराला धरून कोण उठत हुतं का? सगळा भार बिजागरीवर आलाय."

आई उठत होती. गुडघे गेल्यापासून पुढची सीट तिची. कऱ्हाकाठच्या देवळाशी गाडी थांबली की ती आधी पिशवी खाली ठेवायची, मग पाय, मग उघड्या दारावर दोन्ही हात रेलून "विठ्ठला" म्हणत उभी राहायची. मी सुकाणूशी बसून "सावकाश" एवढंच म्हणायचो. तिला जाऊन आता तिसरा उन्हाळा. म्हणजे अर्धा मिलिमीटर उन्हाचा, आणि बाकीचा उतार तिचा.

मी काही बोललो नाही. मिस्त्रींनी दार लोटलं. 'थप'. ओठ मिटले.

संध्याकाळी बायकोला घेऊन निघालो. ती आत बसली, सवयीनं दोन्ही हातांनी दार उचलायला गेली आणि ते आपलं आपण, अलगद लागलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "अहो, लागलं की!" मग तिनं ते पुन्हा उघडलं आणि या खेपेला नेहमीसारखं उचलून लावलं.