आवक वाढली, तास उतरला

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत हिरव्या मिरचीचा भाव गाड्या ठरवतात. गाड्या कमी आल्या की भाव चढतो, आवक वाढली की शेतकरी डोक्याला हात लावतो. माझे थोरले बंधू अप्पा याच बाजारात आयुष्यभर व्यापार करत आले. देठ मोडून माल ओळखणारा माणूस. त्यांच्याच घरात पुतण्याने एक दिवस जाहीर केलं, “अप्पा, मी मुंबईला मशीन भाड्यानं घेतोय.”

पुतण्या संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पानाचा फोटो पाहून मिरचीवरचा कोकडा रोग ओळखणारा प्रोग्राम तयार करणं हा त्याचा प्रोजेक्ट. (“कोकडा मला बांधावरून दिसतो,” असं अप्पांनी पहिल्याच दिवशी सांगून विषय संपवला होता.) हजारो फोटो गळी उतरवताना लॅपटॉप इतका तापायचा, की वहिनींनी खाली पाट सरकवला. हे काम झेपणाऱ्या जोरकस जीपीयूचा कॉम्प्युटर घ्यायचा तर लाखाच्या पुढे जावं लागतं, आणि काम वर्षातून काही तासांचं.

“मशीन पाहून आला का?” अप्पांनी विचारलं.

“ते कुणालाच पाहायला मिळत नाही.”

“मंग न पाहता भाव कामून केला?”

पुतण्याने समजावलं. 1991 साली सी-डॅकने पुण्यात ‘परम 8000’ बांधला, तेव्हा मोठी आकडेमोड हे सरकारी संस्थांचं काम होतं. 2006 मध्ये अ‍ॅमेझॉनने तासाला 10 सेंटपासून कॉम्प्युटर भाड्याने द्यायला सुरुवात केली; 2016 मध्ये मुंबईतही सोय झाली. 2017 पासून लिनक्स मशीनचा हिशेब सेकंदावर, किमान आकार एक मिनिटाचा.

“सेकंदावर? आमच्यात किलोच्या खाली कुणी बोलत नाही,” अप्पा म्हणाले. पण मान हलली होती.

खरी गंमत पुढे आहे. पडून राहिलेली मशीनं अ‍ॅमेझॉन ‘स्पॉट’ नावाखाली उतरत्या भावात देते, 90 टक्क्यांपर्यंत सूट. हा प्रकार 2009 पासूनचा. अट एकच: पूर्ण भाव देणारं गिऱ्हाईक आलं की दोन मिनिटांची सूचना देऊन मशीन काढून घेणार. दोन मिनिटांत आमच्याकडे चहाला आधणसुद्धा येत नाही. गूगल तर 30 सेकंदच देतं.

मला वाटलं, अप्पा आता भडकणार. ते शांतपणे म्हणाले, “बरोबरच आहे. मिरची उद्यापर्यंत तरी टिकते. रिकामा गेलेला तास कुणाला विकणार?” क्लाउडचं, म्हणजे या भाड्याच्या मशीनांचं, अर्थशास्त्र इतक्या थोडक्यात मी कुठेच ऐकलं नव्हतं.

पुतण्या मात्र हुशार. थोड्या थोड्या वेळाने झालेलं काम वेगळ्या जागी साठवायचं, म्हणजे मशीन गेलं तरी पुढचं काम तिथूनच सुरू. संध्याकाळी काळ्या पडद्यावर आकडे सरकू लागले. आणि गावाची लाईट गेली.

“गेलं का मशीन?”

“नाही अप्पा, मुंबईत लाईट आहे.”

“आणि मीटर?”

“चालू आहे.”

अप्पांचा हातातला घास हातातच राहिला. “बंद कर की मंग!” पण राउटर मेलेला, मोबाइलची रेंज एका दांडीवर. “मुंबईला कुणाला धाडू का बटण दाबायला?” असं ते खरोखर म्हणाले. पुतण्या हसला. काम संपताच मशीन स्वतःहून बंद होईल, अशी एक ओळ त्याने प्रोग्रामच्या शेवटी आधीच लिहून ठेवली होती. अप्पांच्या लेखी अख्ख्या इंजिनिअरिंगमधली तेवढी एक ओळ फी वसूल करणारी.

मग खर्चाची बाकीची कलमं निघाली. नेहमीचं मशीन नुसतं थांबवून ठेवलं तरी त्याच्या डिस्कचे पैसे चालू राहतात. फेब्रुवारी 2024 पासून अ‍ॅमेझॉनवर इंटरनेटच्या पब्लिक पत्त्याचेही तासाला अर्धा सेंट. डेटा आत न्यायला फुकट, बाहेर काढायला ठरावीक हद्दीपुढे आकार. “म्हणजे तोलाई-हमाली इथंही सुटली नाही,” अप्पा सुस्कारले. त्यांना परका वाटणारा धंदा त्या क्षणी घरचा झाला.

तेव्हा तात्पुरतं मोठं काम असलेल्या पोरापोरींना सांगणं एवढंच. आधी मूठभर फोटोंवर गूगलच्या फुकटच्या कोलॅबमध्ये प्रोग्राम तपासा. चुकलेला प्रोग्राम महागड्या मशीनवर फक्त जास्त वेगाने चुकतो. मग स्पॉट घ्या, काम साठवत राहा. बजेटचा अलार्म लावा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. वेगळं सांगून ठेवलं नाही, तर तो नुसता ओरडतो, मशीन बंद करत नाही. काम झालं की मशीन आणि डिस्क दोन्ही पुसून टाका, कारण स्वस्त भावाने वाचवलेलं सगळं विसरलेलं मशीन एका महिन्यात खाऊन टाकतं. आणि खात्याला कार्ड बापाचं लावणार असाल, तर आधी बापाला विचारा.